हेरवाडच्या ग्रामसभेत नेमकं काय बदललं?

नमस्कार. नवरा गेला की घरात माणसं जमतात आणि त्याच्या बायकोला पुढे बसवतात. बांगड्या फोडतात, कुंकू पुसतात, मंगळसूत्र आणि जोडवी उतरवतात. हे करणाऱ्या बहुतेक बायकाच. सासू, जाऊ, शेजारीण. त्यांना हे मनापासून करायचं असतं का? मला नाही वाटत. पण प्रत्येकीला वाटतं, बाकीच्यांना हे हवंच आहे. मग मीच कशी आडवी येऊ?

1950च्या दशकात अमेरिकेत सॉलोमन अ‍ॅश नावाच्या मानसशास्त्रज्ञाने एक प्रयोग केला. कार्डावर रेघा, आणि प्रश्न एवढाच की यातली कुठली रेघ पहिल्या रेघेएवढी आहे? पोरही सांगेल. पण खोलीतली बाकीची मंडळी आधीच पढवलेली होती. ती एकमुखाने चूक उत्तर द्यायची. ज्यांना हे माहीत नव्हतं, त्या खऱ्या सहभागींची अशा वेळची साधारण एक तृतीयांश उत्तरं त्यांच्यासारखीच चुकली. मग अ‍ॅशने त्या मंडळींतल्या एकालाच खरं बोलायला सांगितलं. चुका आधीच्या जवळपास चौथ्या हिश्श्यावर आल्या. फक्त एकाच्या सोबतीने!

आता सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळ्याला चला. कोरोनाच्या पहिल्या लाटेत सामाजिक कार्यकर्ते प्रमोद झिंजाडे यांचा एक सहकारी गेला. त्याच्या पत्नीच्या वाट्याला हेच सगळं आलेलं त्यांनी पाहिलं. त्यांनी शंभर रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर लिहून दिलं, माझ्यानंतर माझ्या पत्नीवर ही सक्ती करू नका. स्टॅम्पपेपरच का? मला वाटतं, कारण त्या दिवशी तिच्या बाजूने बोलायला ते स्वतः नसणार. त्यांचं पाहून आणखी पुरुष पुढे आले.

4 मे 2022 रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडने ग्रामसभेत विधवा प्रथाबंदीचा ठराव केला. पाठोपाठ त्याच जिल्ह्यातल्या माणगावने. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींपुढे हेरवाडचं उदाहरण ठेवलं.

ग्रामसभा का महत्त्वाची, तर तिथे सगळ्यांनी एकमेकांना हे बोलताना ऐकलं. आता जावेलाही माहीत आहे की शेजारणीलाही हे नकोय. हात थांबवायला तेवढा आधार पुरतो.

ठरावाने प्रथा रातोरात जात नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला कुणाला बोलवायचं, हे अजून घराघरांतच ठरतं. तुमच्या आळीत एखाद्या विधवा बाईला मानाने बोलावलं असेल, तर पहिलं बोलावणं कुणी केलं आणि पुढच्या वर्षी आणखी किती घरांनी केलं, ते मला जरूर कळवा.