साइनचा वेग कॉस सांगतो

मित्रांनो, फळ्यावरचे हे आकडे बघा: २२५, २२४, २२२, २१९... आणि पार शेवटी ३७, २२, ७. आर्यभटाने इ.स. ४९९ मध्ये दिलेले हे ‘ज्यां’चे, म्हणजे त्रिज्येने गुणलेल्या साइनचे, फरक. त्रिज्या ३४३८ कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) धरायची, ० ते ९० अंशांचे २४ सारखे भाग करायचे. प्रत्येक भाग २२५ कलांचा. कोन दर खेपेला तेवढाच वाढतो, ज्येची वाढ मात्र घटत जाते.

आता ६० अंशांपाशी थांबा. अलीकडचा फरक ११९, पलीकडचा १०६. सरासरी काढा. ११२.५, म्हणजे २२५च्या बरोबर निम्मी! आणि ६० अंशांचा कॉस किती? अर्धा. साइनचा डेरिव्हेटिव्ह, म्हणजे बदलाचा वेग, कॉस, हे तुम्ही बारावीला पाठ केलंत. ते इथे नुसत्या वजाबाकीतून समोर येतं.

भास्कराचार्यांनी याला नियमाचं रूप दिलं. ११५०च्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त ग्रहाची तात्कालिक गती काढताना ते कोनातला फरक कोटिज्येने (त्रिज्येने गुणलेल्या कॉसने) गुणून, त्रिज्येने भागून ज्यांमधला फरक मिळवतात. फल, म्हणजे ग्रहाच्या सरासरी स्थानात करायची दुरुस्ती, जिथे सर्वांत मोठं, तिथे फलाची गती शून्य, हेही त्यांना ठाऊक होतं. त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी नातू चांगदेवाने मठ काढला, तो आपल्याच चाळीसगाव तालुक्यात, पाटणे इथे. १२०७चा शिलालेख त्याची साक्ष देतो. खान्देशातल्या मुलांना डेरिव्हेटिव्ह शिकवताना हे सांगितलंच पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

हाच नियम आपल्या दिवसमानातही दिसतो. वर्षभराचा आलेख काढा, तो जवळजवळ साइनसारखाच येतो. मार्चच्या २१ तारखेच्या आसपास आपल्याकडे दिवस रोज सव्वा मिनिटाने वाढतो. जूनच्या २१ला दिवस सर्वांत मोठा, पण वाढ थांबलेली.

इथे एक घाई फार जण करतात. डेरिव्हेटिव्ह शून्य आला की ‘महत्तम’ लिहून मोकळे! x + sin x घ्या. डेरिव्हेटिव्ह १ + cos x. x = π ला तो शून्य होतो. पण कॉस −१च्या खाली कधी जात नाही, म्हणून डेरिव्हेटिव्ह π च्या अलीकडेही धन आणि पलीकडेही धन. फलन क्षणभर सपाट होतं आणि पुन्हा चढायला लागतं. तिथे शिखर नाही, दरीही नाही. शून्य सापडल्यावर दोन्ही बाजूंची चिन्हं तपासायचीच. उत्तराचा खरा जीव त्यात आहे.

आता फक्त एक आकडा बदला: x + 2 sin x. डेरिव्हेटिव्ह १ + 2 cos x. तो १२० अंशांना शून्य होतो, आणि या वेळी धनाचा ऋण होतो. म्हणजे इथे खरंच शिखर आहे. २४० अंशांना ऋणाचा धन होतो, तिथे दरी. मग x + k sin x मध्ये k नेमका किती झाला की शिखरं उगवायला लागतात? वह्या काढा, पाच मिनिटं देतो.