रोहित सोडा, त्यांच्या पायाशी बघा

आत्ता स्क्रीनवर हा जो राखाडी चिखल दिसतोय ना, ही शिवडी. मागे अटल सेतू, १२ जानेवारी २०२४ ला उद्घाटन झालेला, आणि मधे ती गुलाबी रेघ म्हणजे फ्लेमिंगो, आपले रोहित. त्यांच्यावर भरपूर व्हिडिओ झालेत, रील तर विचारूच नका. ठाणे खाडीला २०१५ ला फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून दर्जा मिळाला, २०२२ ला रामसर स्थळ, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा, झालं, आणि ते त्यांच्या नावावर झालं हे ठीकच आहे, एवढ्या मोठ्या थव्याने येतात म्हटल्यावर बोर्डावर फोटो त्यांचाच लागणार. पण आज आपण त्यांच्या पायाशी बघणार आहोत.

झूम करूया. दिसले? ते चिखलावर इकडून तिकडे उंदरांसारखे पळतायत ते. बहुतेक लोक यांना "छोटे पक्षी" म्हणून मोकळे होतात, आणि खरं सांगायचं तर पहिल्या एकदोन सीझनला आपलंही तेच होतं, सगळे तपकिरी, सगळे सारखे, पुस्तक उघडलं की अजून गोंधळ. यातले सगळ्यात बारके ते लिटल स्टिंट, वजन पंचवीस ग्रॅमच्या आसपास. त्यांच्यापेक्षा जरा मोठा, उंच पायांचा, काळी लांब चोच टोकाकडे खाली वाकलेली, हा कर्ल्यू सँडपायपर. तुतवारांच्याच, म्हणजे सँडपायपर मंडळींच्याच, भाऊबंदांपैकी. चोच बघा कशी चालतेय, शिलाई मशीनची सुई परवडली, चिखलात आत, बाहेर, आत, आणि मधेच एखादा किडा ओढून काढतो नि लगेच पुढे. हा उडाला की शेपटीच्या वर पांढरा पट्टा दिसतो, ती त्याची खूण. हा जन्मला कुठे, तर उत्तर सैबेरियात तैमीर वगैरे भागात, टुंड्रामधे, म्हणजे इथून सहा हजार किलोमीटरच्या वर. वजन साठ ग्रॅमच्या आसपास!

आता रेअर पक्षी शोधायचा म्हणजे काय करायचं, तर हे सगळे नेहमीचे एक एक करून बघत जायचं. दुसरा शॉर्टकट नाही. हजार कर्ल्यू सँडपायपर, त्यात शे-दोनशे डनलिन, म्हणजे त्याचाच एक भाऊबंद, त्यात चिखल्ये, म्हणजे प्लोव्हर, आणि त्यात एखादा जरा जाडसर, छातीवर ठिपके असलेला, चोच जेमतेम वाकडी, तो निघतो ग्रेट नॉट. मुंबईच्या आसपास अधूनमधून एखाददुसरा दिसतो, आणि दिसला की व्हॉट्सॲप ग्रुपवर लोकेशन फिरायला लागतं, दुसऱ्या दिवशी तिथे मोठमोठ्या लेन्सवाल्यांची जत्रा. या ग्रेट नॉटची गोष्ट मात्र इथली नाहीच, ती कोरियातली आहे. दक्षिण कोरियात सेमांगम नावाची खाडी होती, तिथे समुद्रात तेहेतीस किलोमीटरची भिंत घातली, २००६ ला ती पूर्ण झाली, आणि आतला चिखल गेला. प्रवासात मधे थांबून पोट भरायची या पक्ष्यांची ती खानावळच होती. ग्रेट नॉटची जागतिक संख्या जी घसरली त्यात या भिंतीचा मोठा हात आहे, आता तो आययूसीएन या जागतिक निसर्ग-संवर्धन संस्थेच्या धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत एन्डेंजर्ड, म्हणजे संकटग्रस्त, आहे. एका खाडीचा चिखल गेला की दुसऱ्या देशातल्या किनाऱ्यावर पक्षी कमी दिसतो, असं हे गणित आहे.

शिवडीला यायचं तर आधी भरतीचं टाइमटेबल बघा, फोनवर मिळतं, नाहीतर कुठल्याही कोळीवाड्यात विचारा, उधाण कधी आणि भांग, म्हणजे कमी चढणारी भरती, कधी हे तोंडपाठ असतं. भरती चढायला लागली की हे सगळे ढकलत ढकलत तुमच्या जवळ येतात, तेव्हाच खरी मजा, आणि उधाणाला पाणी साडेचार मीटरच्या वर गेलं की चिखल संपतो नि सगळा थवा उठतो. कुठे जातात? भांडुपच्या बाजूची मिठागरं, नेरुळचे तलाव, उरणकडे पांजेची पाणथळ जागा. तिथे एका पायावर उभे राहून ओहोटीची वाट बघायची. या जागा कोरड्या पडल्या, त्यांचे पाण्याचे मार्ग बंद झाले किंवा कुत्री मोकाट सुटली, तर हे पक्षी त्या दोन-तीन तासात बसूच शकत नाहीत, उडत राहतात, आणि सैबेरियाला जायला साठवलेली चरबी इथेच जळते. पांजेवरून कोर्टकचेऱ्या उगाच नाही झाल्या.

जरा मुंबईत येऊया, कारण सगळ्यांना चिखलात जायला जमत नाही. गेटवेवरून मांडव्याची बोट पकडा, डिसेंबर-जानेवारीत कुरव, म्हणजे सीगल, बोटीच्या मागे लागतात, आणि लोक शेव-गाठिया फेकतात, जे फेकू नये, पण त्यावर सगळ्यांशी भांडत बसणार कोण. बहुतेक तपकिरी डोक्याचे आणि काळ्या डोक्याचे, गंमत म्हणजे थंडीत दोघांचीही डोकी पांढरीच, कानाजवळ फक्त एक काळा ठिपका. पंखाच्या टोकाला काळ्यात पांढरे चौकोन दिसले तर तो तपकिरी डोक्याचा, आपल्या लडाखच्या सरोवरांवर अंडी घालणारा. फेब्रुवारी सरता सरता यांची डोकी रंगायला लागतात, तेव्हा ओळखायला सोपे होतात आणि तेवढ्यात निघूनही जातात.

मांडव्याला उतरलाच आहात तर अलिबागच्या पुढे आक्षीला जा. तोच तो जुन्या मराठी शिलालेखाचा आक्षी, १०१२ सालचा. किनाऱ्यावर सकाळी लवकर, सहलीच्या गाड्या यायच्या आत गेलात तर काळा-पांढरा, नारिंगी चोचीचा कालवफोड्या दिसू शकतो. हा बघा. बाकी काही सांगायची गरजच नाही, हा शंभर फुटांवरून ओळखता येतो, म्हणून फोटोग्राफर लोकांचा लाडका.

पण मला घोर आहे तो मघाच्या कर्ल्यू सँडपायपरचा. २०२४ च्या ऑक्टोबरमधे आययूसीएनने यादी सुधारली त्यात तो व्हल्नरेबल झाला, म्हणजे एन्डेंजर्डच्या एक पायरी आधी. ग्रे प्लोव्हर पण, ब्रॉड-बिल्ड सँडपायपर पण. डनलिन निअर थ्रेटन्ड, म्हणजे धोक्याच्या उंबरठ्यावर. म्हणजे ठाणे खाडीत आपण ज्यांच्या वरून नजर सरकवत रेअर शोधत होतो, तेच आता धोक्यात आलेत, आणि इथे अजून थव्याने दिसतात म्हणून कुणाच्या लक्षातच येत नाही. रेअर पक्ष्याचे आपल्याकडे शंभर फोटो असतात, नेहमीच्याचा धड आकडा नसतो.

तर यावेळी गेलात की दोन कामं करा. पायात रंगीत फ्लॅग असलेला पक्षी दिसला, बीएनएचएसवाले (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी) इथे अनेक वर्षं रिंगिंग करतात, म्हणजे पक्षी पकडून पायात ओळखीच्या खुणा घालून सोडतात, तर फ्लॅगवरचे अक्षर-आकडे वाचता येतील असा फोटो काढून त्यांना पाठवा, बाकी फोटो कितीही धूसर असला तरी चालेल. आणि ईबर्डवर, म्हणजे पक्षीनोंदींच्या ॲपवर, लिस्ट टाकताना नेहमीच्या पक्ष्यांसमोर नुसता एक्स, म्हणजे 'दिसला, मोजला नाही', मारायची जी सवय लागलीय ना आपल्याला, ती सोडा. दहा-दहाचे गठ्ठे करून मोजा, थवा उडाला तर अंदाजे पाचशे लिहा, पण काहीतरी आकडा लिहा.