ठरलेला क्रमच नसलेल्या लग्नाचे फोटो कसे काढायचे?

नमस्कार! लग्नाचे फोटो काढणाऱ्याला विधींचा क्रम पाठ असला की त्याचं निम्मं काम तिथेच झालेलं असतं. पुढे काय होणार, कोण कुठे वळणार, कोणाचे डोळे कधी भरून येणार, सगळं ठाऊक असतं. पाय आपोआप बरोबर जागी जाऊन उभे राहतात. पण जोडपं म्हणालं, "आमच्याकडे तसलं काही नाही, आम्ही आमच्या पद्धतीने करणार," की ते पाठांतर काही कामाचं नाही. त्या दिवसाचा क्रम फक्त त्या दोघांना माहीत असतो. म्हणून तो त्यांच्याकडून आधी नीट समजून घ्यायचा.

आपण काय करतो? "तुम्हाला कुठले फोटो हवेत?" असं विचारतो. मग ते दुसऱ्यांच्या लग्नाचे चार फोटो पाठवतात आणि आपण तेच काढायच्या मागे लागतो. मी आता असं विचारते: "सकाळी उठल्यापासून काय काय होणार, ते मला गोष्टीसारखं सांगा." आणि प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न, "हे का?"

हा 'का' मी एकदा विचारला नव्हता. वीस-पंचवीस माणसांचं लग्न होतं. दोघांनी एकमेकांना पत्र लिहिलं होतं, ते सगळ्यांसमोर वाचायचं, बस, एवढंच. मी ८५ एमएमची, म्हणजे दुरून चेहरा जवळ आणणारी लेन्स लावून तिच्या चेहऱ्यावरून हटलेच नाही. फोटो छान आले. नंतर ते बघताना तिने हळूच विचारलं, "कागदाचा एकही नाही का?" तो कागद म्हणजे तिच्या वारलेल्या वडिलांच्या वहीतलं पान होतं. वरच्या बाजूला त्यांच्या अक्षरातला हिशोब, आणि त्याखाली तिने आपलं पत्र लिहिलेलं. माझ्या प्रत्येक फोटोत त्या पानाची फक्त कोरी, पाठची बाजू होती. मी नंतर परत जाऊन त्या पानाचा फोटो काढून दिला. चांगला आला. पण तिचा थरथरणारा हात त्यात नाही, तो आता कुठून आणू?

तेव्हापासून मी आधीच विचारून ठेवते, त्या दिवशी तुमच्या हातात, अंगावर, खिशात काय असणार आणि ते कुठून आलं? अशी वस्तू पाच मिनिटं मागून घ्यायची, खिडकीशी न्यायची आणि उजेड बाजूने पडू द्यायचा. समोरून फ्लॅश मारला तर कागद सपाट दिसतो. तिरका उजेड पडला की घडीच्या रेषा आणि पेनाचा दाब दिसायला लागतो. आणि मुख्य क्षणी वाचणाऱ्याच्या खांद्यामागून किमान एक फोटो घ्यायचाच.

आता जागा. शक्य असेल तर सोहळा ज्या वेळी आहे त्याच वेळी आदल्या दिवशी तिथे जाऊन उभं राहा. सकाळी सुंदर दिसणाऱ्या झाडाखाली दुपारी चेहऱ्यांवर उन्हाचे ठिपके पडतात, आणि ते नंतर कॉम्प्युटरवर सहज निघत नाहीत. पाहुणे गोल करून उभे राहणार असतील तर 'समोर' अशी बाजूच नसते. तुम्ही कुठेही उभे राहा, कोणाच्या तरी आड येणार. मी दोन खांद्यांच्या मधून, गोलाच्या बाहेरून काढते. आत एकदाच जाते, ३५ एमएमची, म्हणजे जवळूनही बरंच काही मावणारी लेन्स घेऊन, आणि लगेच बाहेर पडते. सोहळा एखादी मैत्रीण किंवा भाऊ चालवणार असेल तर त्यांना आधीच सांगायचं, "हे दोघं मिठी मारतील तेव्हा दोन पावलं बाजूला व्हा." नाहीतर त्या मिठीच्या मागे हातात माइक धरलेला तिसरा माणूस कायमचा राहतो.

अशा लग्नात शांतता फार असते. प्रत्येक क्लिक ऐकू जातो. म्हणून आपण सायलेंट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर लावतो. पण दिव्यांच्या उजेडात त्याने फोटोवर आडवे पट्टे येऊ शकतात. ५० हर्ट्झ वीज असते तिथे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, डोळ्यांना ते कळत नाही. शटरचा वेग १/१०० किंवा १/५० सेकंद ठेवला तर पट्टे सहसा जातात. ६० हर्ट्झला १/१२० किंवा १/६०. मंद केलेले एलईडी मात्र काहीही करतात, तिथे आधी चार फोटो काढून, झूम करून बघाच. पट्टे जात नसतील तर सरळ मेकॅनिकल, म्हणजे आवाज करणारं नेहमीचं शटर वापरा आणि क्लिक मोजके करा.

आणि एक नाजूक गोष्ट. अशा लग्नाला आलेल्या प्रत्येकाला ते मनापासून पटलेलं असतंच असं नाही. एखादी आई किंवा आजोबा हाताची घडी घालून कडेला बसलेले असतात. त्यांचा उतरलेला चेहरा टिपायला सोपा असतो, 'खरा' वाटतो. मी तो काढत नाही. मी वाट बघते. कधीतरी ती आई उठते, मुलीचा खांद्यावरून सरकलेला पदर किंवा कॉलर नीट करते, आणि पुन्हा जागेवर जाऊन बसते. तीन सेकंदांचा खेळ असतो. तो फोटो मिळावा म्हणून मी अर्धा तास एका जागी उभी राहिले आहे, आणि पुन्हाही राहीन.

ग्रुप फोटो मात्र पटकन उरका, नावांची यादी एखाद्या मित्राच्या हातात देऊन. ते नकोत म्हणणारी जोडपीही दोन वर्षांनी तेच शोधतात.

शेवटचं काम सकाळीच करायचं. दोन कॅमेरे असतील तर दोघांची घड्याळं सेकंदापर्यंत जुळवा. नेहमीच्या लग्नात फोटो मागेपुढे झाले तरी विधी बघून लावता येतात. इथे आधी पत्र वाचलं की आधी मिठी मारली, हे फक्त फोटोवरची वेळच सांगते.