‘उठ ना आता!’: पडद्यावरची मारामारी आणि आपली मुलं
(नागपुरात पालकांसमोर झालेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

पालक मला म्हणतात, ‘कार्टूनमधली मारामारी तर गमतीची असते, तिचं काय एवढं?’ चार-पाच वर्षांच्या मुलाच्या बाबतीत मला तीच जास्त खटकते. तिथे डोक्यात हातोडा बसतो, टेंगूळ येतं आणि पुढच्या क्षणी पात्र पळायला लागतं. रक्त नाही, रडणं नाही, दवाखाना नाही. माझ्याकडे आणलेल्या एका चार वर्षांच्या मुलाने धाकट्या बहिणीला दिवाणावरून ढकललं होतं. ती रडायला लागली, तर हा बाजूला उभा राहून म्हणत होता, “उठ ना आता!” आई घाबरून गेली होती, पोरगं दुष्ट तर निघालं नाही ना म्हणून. नाही हो. पडलेला माणूस उठतोच, एवढंच त्याने रोज पाहिलं होतं.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी स्टॅनफर्डला १९६१ साली बालवाडीतल्या मुलांवर प्रयोग केला. मोठ्या माणसाने फुगवलेल्या बाहुल्याला बडवलेलं ज्यांनी पाहिलं, ती मुलंही तसंच बडवू लागली. १९६३ मध्ये काहींना तेच पडद्यावर दाखवलं, काहींना मांजराचा वेश घातलेल्या पात्राकडून, कार्टूनसारखं. नक्कल त्यांनीही केली. यावर आक्षेप आहेत आणि ते रास्त आहेत: बाहुलं मार खाण्यासाठीच बनवलेलं, परिणामही तेवढ्यापुरताच मोजलेला. पण १९६५ चा प्रयोग मला फार अस्वस्थ करतो. मारणाऱ्याला शिक्षा झालेली ज्यांनी पाहिली, त्या मुलांनी नक्कल कमी केली. मग बक्षीस देऊ केलं, तर त्यांनीही सगळं करून दाखवलं. शिकली सगळीच होती.

खऱ्याखुऱ्या हिंसेचं वेगळं आहे. लहान मूल अक्राळविक्राळ चेहऱ्याला भितं. आठ-नऊ वर्षांचं मूल ‘हे आपल्या घरी घडेल’ याला भितं. उन्हाळ्यात भर दुपारी बाहेर पाठवता येत नाही, म्हणून ते कूलरसमोर आई-बाबांचा मोबाईल घेऊन बसतं आणि नातेवाईकांच्या ग्रुपवर आलेली अपघाताची क्लिप उघडतं. रात्री मग बाथरूमलाही एकटं जात नाही.

म्हणून काहीच दाखवू नये का? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, आपल्याकडे काळी-पिवळी मारबत निघते, म्हणजे बाईच्या रूपातल्या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक. ‘इडा पीडा घेऊन जा गे मारबत’ म्हणत गर्दी ओरडते, शेवटी मारबत जाळतात. पोरगं बापाच्या खांद्यावर बसून बघतं, ‘बाबा, तिला कायले जाळतात?’ विचारतं, आणि त्याला उत्तर मिळतं. मोबाईलसमोर ते एकटंच असतं, विचारणार कोणाला?

दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एका तासाहून जास्त स्क्रीन नको, कमी तेवढं बरं, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्येच सांगितलं आहे. त्या तासातही शेजारी बसा. मारामारी आली की मोबाईल हिसकावू नका, विचारा, “त्याला लागलं असेल का रे?” जेवताना बातम्या लावू नका, मूल झोपल्यावर बघा. आणि एखादी क्लिप पाहून मोठं मूल घाबरलंच, तर ‘काही नाही होत’ म्हणून उडवून लावू नका. काय दिसलं ते आधी त्याला सांगू द्या. मग ते कुठे घडलं, आपण घरी काय काळजी घेतो, हे शांतपणे सांगा. दुसऱ्या दिवशी त्याने तेच पुन्हा विचारलं, तर पुन्हा सांगा.