ईसीजी नॉर्मल, तरी उठलं की धडधड? कोविडनंतरच्या हृदयाबद्दल थोडं

नमस्कार मंडळी! आजचा विषय तुम्हीच लावून धरलाय. कुठलाही व्हिडिओ टाका, अगदी गुडघेदुखीचा, खाली तोच प्रश्न: "मॅडम, कोविड होऊन वर्षं झाली, अजून उभं राहिलं की छातीत धडधडतं. ईसीजी नॉर्मल आहे. मग हे काय?"

मी फिजिओथेरपिस्ट आहे, हार्ट पेशंटचे व्यायाम घेते. औषधं लिहून देणं माझं काम नाही, तेव्हा गोळ्यांची नावं विचारू नका.

बेसिक पटकन उरकते. हा विषाणू फुप्फुसापुरता थांबत नाही. रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला सूज येते, रक्त गोठण्याचं प्रमाण वाढतं, क्वचित हृदयाच्या स्नायूलाच सूज येते, म्हणजे मायोकार्डायटिस. तो झाला असेल तर तीन ते सहा महिने जोराचा व्यायाम बंद. जिमवाले ऐकताय ना?

आता तो व्हॉट्सअ‍ॅपवरचा आकडा. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या नोंदींवरून २०२२ साली एक मोठा अभ्यास आला. कोविडनंतरच्या वर्षभरात हार्ट फेल्युअरचा, म्हणजे हृदय कमजोर पडून रक्त नीट न ढकलण्याचा, धोका ७२ टक्क्यांनी जास्त! हे खरंय. पण त्याच अभ्यासात असंही आहे की दर हजार माणसांमागे जास्तीचे पेशंट साधारण बारा. हा आकडा कोणी फॉरवर्ड करत नाही, कारण त्याने कोणी घाबरत नाही. शिवाय त्यात बहुतेक वयस्कर पुरुष होते. तुमची कॉलेजात जाणारी भाची त्यात नव्हती.

आणि हो, "तरुणांचे अचानक मृत्यू लसीमुळे होतायत" वाले. आयसीएमआरने, म्हणजे सरकारच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने, १८ ते ४५ वयातल्या अचानक मृत्यूंचा अभ्यास २०२३ मध्ये छापलाय. लसीने धोका वाढल्याचं दिसलं नाही. कोविडसाठी अ‍ॅडमिट व्हावं लागलं होतं, घराण्यात असा मृत्यू झालेला, आदल्या ४८ तासांत भरपूर दारू किंवा अंगमेहनतीचा अतिरेक, यांनी धोका वाढलेला दिसला. भांडायचं तर कमेंट बॉक्स मोकळा आहे, मी तिकडे फिरकणार नाही.

आता मुद्द्याचं. (कागद दाखवत) हा ईसीजी. एवढा लांब कागद, पण यात तुमच्या हृदयाची जेमतेम दहा सेकंद आहेत. दिवसभरातली दहा सेकंद! आणि ती कशी काढली? तुम्हाला पलंगावर निजवून. तुमची तक्रार काय? उठल्यावर धडधडतं. मग निजवून काढलेल्या कागदात ती कशी सापडणार?

एका बाईंना कितीतरी दिवस "टेन्शन घेऊ नका, गॅस आहे" एवढंच ऐकावं लागलं. ओट्याशी उभ्या राहून पोळ्या लाटताना डोळ्यांपुढे अंधारी यायची, म्हणून त्या पोळपाट घेऊन खाली बसायच्या. घरचे म्हणायचे, आळस. प्रत्येक वेळी ईसीजी झोपून, नाडी झोपून, बीपी बसून. उभं राहून कोणी काही मोजलंच नाही.

म्हणजे ईसीजी खोटा का? अजिबात नाही. त्याला जे विचारलं त्याचं उत्तर त्याने दिलं. प्रश्नच दुसरा विचारायला हवा होता.

तो विचारायचा कसा? सकाळी, चहाच्या आधी. दहा मिनिटं शांत पडून राहा, नाडी लिहा, मशीन असेल तर बीपीही. मग उठा, टाचा भिंतीपासून वीतभर पुढे, खांदे भिंतीला टेकलेले. दर मिनिटाला नाडी लिहायची, दहा मिनिटं.

इथेच सगळे गडबड करतात. उभं राहिल्याबरोबर ऑक्सिमीटर बघतात, "मॅडम, एकशेदहा!" आणि कमेंट टाकतात. अहो, पहिल्या मिनिटात सगळ्यांचीच वाढते. उभं राहिलं की अर्धा लिटरभर रक्त पोटात आणि पायांत उतरतं, हृदय ते भरून काढतं. बघायचंय ते हे, की वाढलेली नाडी टिकते का. झोपल्यापेक्षा तीसने वाढली (१९ वर्षांपर्यंतच्या मुलांत चाळीसने), तशीच राहिली आणि बीपी पडलं नाही, तर डॉक्टरांना 'पॉट्स'बद्दल विचारा, उभं राहिल्यावर नाडी अशी वाढून राहण्याच्या त्रासाचं ते नाव. बीपीच पडत असेल तर प्रकरण वेगळं. आणि त्या दहा मिनिटांत बोलायचं नाही, पाय हलवायचे नाहीत. पोटऱ्या हलल्या की त्या रक्त वर ढकलतात आणि आकडा उगाच चांगला येतो. फोनवर गप्पा मारत केलेली टेस्ट मला पाठवू नका!

शेजारी कोणीतरी हवंच. गरगरलं तर लगेच आडवे व्हा, हट्टाने दहा मिनिटं पुरी करू नका. नुकताच अटॅक आलाय, हृदयाचं पंपिंग (रक्त ढकलण्याची ताकद) कमी आहे, चक्कर येऊन पडला आहात, त्यांनी घरी करायचीच नाही. नाडी कमी करणारी गोळी चालू असेल तर आकडे फसवे येतात, पण टेस्टसाठी गोळी बंद करायची नाही.

आता माझा खरा राग. पॉट्स म्हटलं की रीलवाले सांगतात, भरपूर पाणी प्या, मीठ वाढवा. तरुण, बीपी-किडनी ठीक, अशा माणसाला डॉक्टरही हेच सांगतील. पण माझ्याकडचे एक काका, अँजिओप्लास्टी झालेली, पंपिंग आधीच कमी. सुनेने रील दाखवली म्हणून रोज ओआरएसची पाकिटं. आले तेव्हा चपलेचा पट्टा पायात रुतलेला, रात्री तीन उशांशिवाय झोप नाही. कमजोर हृदयाला मीठ-पाण्याचा तो भार झेपत नाही. लक्षण तेच, धडधड आणि दम. सल्ला बरोब्बर उलटा! म्हणून एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून पंपिंग माहीत झाल्याशिवाय मीठ वाढवायचं नाही. बीपीवाल्यांनी तर नाहीच.

व्यायाम? पॉट्सवाल्यांनी चालण्यापासून सुरू करू नका, पडून आणि बसून करायचे व्यायाम आधी. आणि दुसऱ्या दिवशी अंथरुणातून उठवत नसेल तर काल केलेलं जास्त झालं, घाम गाळून ते सुटत नाही.

एकाने विचारलंय, "कोविडनंतरची रक्त पातळ करायची गोळी किती दिवस?" ती कोविडपुरती दिली होती की स्टेंटसाठी (हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवलेली जाळी), हे आधी फाईलमध्ये बघा. स्टेंटची असेल तर कार्डिओलॉजिस्टना विचारल्याशिवाय एक दिवसही चुकवू नका, स्टेंटमध्ये गुठळी होते. छातीत दाब, घाम, हात किंवा जबडा दुखतोय, बेशुद्ध पडलात, तर हा व्हिडिओ बंद करा आणि १०८ लावा.

बाकीच्यांनी ते दहा मिनिटांचे आकडे कागदावर लिहून डॉक्टरांकडे न्या. मोबाईल नाचवू नका, कागद पुढे ठेवा आणि म्हणा, "हे उभं राहून मोजलंय."