चुंबक उलटवायला दुसरा चुंबक कशाला?

नमस्कार मंडळी. हा आमच्या फ्रीजवरचा चुंबक. (कॅमेऱ्यासमोर धरून) चुंबक खूप तापवला की त्याचं चुंबकत्व जातं, हे शाळेत शिकलो. पण किती वेळात जातं? हे बाईंना कुणी विचारलं नाही.

१९९६ साली फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गमध्ये ते मोजलं गेलं. निकेलचा पातळ थर, त्यावर ६० फेम्टोसेकंदांचा लेझर पल्स, म्हणजे प्रकाशाचा क्षणिक झोत. पहिल्याच पिकोसेकंदात चुंबकत्व धाडकन खाली! पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचे एक लाख कोटी भाग केले, त्यातला एक. फेम्टोसेकंद त्याच्याही हजारपट लहान.

आता एवढा वेळ मोजायचा कसा? मला यातली सगळ्यात भारी गोष्ट हीच वाटते. स्टॉपवॉच नाहीच. पल्स दोन. पहिला तडाखा देतो, दुसरा मागून येऊन काय झालं ते बघतो. दुसऱ्याच्या वाटेतला आरसा १५ मायक्रोमीटर मागे घ्यायचा. जाता-येता वाट ३० मायक्रोमीटरनी वाढली, केसाच्या जाडीपेक्षाही कमी. तेवढ्याने तो पल्स १०० फेम्टोसेकंद उशिरा पोचतो. म्हणजे घड्याळ म्हणून आपण चक्क आरसा सरकवतोय! परतणाऱ्या प्रकाशाचं ध्रुवण, म्हणजे त्याची लहर ज्या दिशेत थरथरते ती दिशा, किती वळलं, त्यावरून चुंबकत्व किती उरलं ते कळतं.

पण चुंबकत्व घालवणं वेगळं आणि उलटवणं, म्हणजे उत्तर-दक्षिण टोकांची अदलाबदल करणं, वेगळं. २००७ मध्ये नेदरलँड्समधल्या नाइमेखनच्या गटाने गॅडोलिनियम, लोह आणि कोबाल्टच्या मिश्रधातूवर ४० फेम्टोसेकंदांचे पल्स मारले. प्रकाश उजवीकडे फिरणारा (म्हणजे पुढे जाताना थरथरण्याची दिशा गोल फिरणारा) असेल तर चुंबकत्व एका दिशेला, डावीकडे फिरणारा असेल तर उलट. बाहेरून चुंबकाची गरजच नाही. सगळ्यांना वाटलं, प्रकाशाच्या फिरण्यातच जादू आहे.

गंमत म्हणजे २०१२ मध्ये कळलं की न फिरणारा प्रकाशसुद्धा चालतो. खरं काम करते ती उष्णता!

कशी? (दोन्ही हात उलटसुलट धरून) या मिश्रधातूत लोह आणि गॅडोलिनियम एकमेकांकडे पाठ करून उभे असतात. पल्स बसला की लोह चटकन ढेपाळतं, साधारण ३०० फेम्टोसेकंदांत. गॅडोलिनियम मठ्ठ, त्याला दीडएक पिकोसेकंद लागतो. तो अजून ढेपाळतोय तोवर लोह पुन्हा उभं राहतं, आणि तेही उलट्या दिशेला! क्षणभर दोघांची तोंडं एकाच बाजूला. मग गॅडोलिनियमही उलटतो. पुन्हा पाठीला पाठ, पण दिशा बदललेली.

हार्ड डिस्कवरचे ० आणि १ म्हणजे चुंबकत्वाच्या दोन दिशाच. मग अशी हार्ड डिस्क का नाही निघाली? एक तर साधा पल्स फक्त उलटवतो: ० चा १, १ चा ०. म्हणजे लिहिण्याआधी तिथे काय होतं ते वाचायला हवं. दुसरी अडचण जागेची. ८०० नॅनोमीटर तरंगलांबीचा हा प्रकाश साध्या भिंगाने कितीही एकवटला तरी ठिपका शेकडो नॅनोमीटरचाच राहतो. आजच्या डिस्कवरचा एक बिट जेमतेम काही दहा नॅनोमीटरचा. एक लिहायला जाल, तर शेजारचे शेकडो उलटतील.

(चुंबक परत फ्रीजवर लावत) हा मात्र इथेच बरा.