चॅपलमधली शागिर्दी

[दृश्य: ऑर्गनच्या पायपट्ट्या, काळे बूट, अगदी जवळून]

ऑर्गन वाजवणाऱ्या एका विद्यार्थ्याचे हे बूट जरा नीट बघा. पातळ चामड्याचा तळ, बारीक टाच. हे घालून कुणी रस्त्यावर जात नाही. तळ जाड असेल तर पायाखाली कुठली पट्टी आली ते कळत नाही, आणि इथे खाली बघायला सवड नसते. डोळे कागदावर, हात वर, आणि खाली पाय चाचपत, सरकत आपला सूर शोधतात.

आपल्याकडे ऑर्गन म्हटलं की संगीत नाटक आठवतं. रंगमंचापुढे बसलेला वादक पायांनी भाता मारतोय आणि नटाला सूर देतोय. त्या ऑर्गनच्या पोटात पेटीसारख्या पितळी स्वरपट्ट्या असतात. हा ऑर्गन नळ्यांचा. याचा भाता विजेवर चालतो, त्यामुळे पाय मोकळे राहतात आणि त्यांनाही गाणं येऊ शकतं.

[दृश्य: मनोरा, खालून वर]

केंब्रिजचं सेंट जॉन्स कॉलेज. स्थापना १५११. आपल्याला ते अगदीच परकं नाही. दापोलीजवळच्या मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे इथूनच १८९९ साली सीनियर रँग्लर झाले, म्हणजे केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत पहिले आले. जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी बांधलेलं हे चॅपल, म्हणजे कॉलेजचं प्रार्थनामंदिर, १८६९ मध्ये पुरं झालं. परांजपे आले तेव्हा त्याला तीस वर्षंही झाली नव्हती. हा १६३ फुटांचा मनोरा त्यांनी येता-जाता पाहिलेला असणार.

[दृश्य: तालमीची खोली, मुलं आपापल्या जागी उभी राहताहेत]

ही मुलं कॉलेजच्याच शाळेतली. आणि पियानोवर बसलेला तो तरुण? त्याचीही परीक्षा तोंडावर आहे. तो इथला ऑर्गन स्कॉलर. पदवीचा अभ्यास करता करता उपासनेत ऑर्गन वाजवायचा, तालमीला साथ करायची, मुलांचे सूर तपासायचे, आणि संगीत संचालक नसले की गायकवृंदापुढे स्वतः उभं राहायचं, हे सगळं त्याच्याकडे.

शिष्यवृत्ती म्हटलं की आपल्या मनात आधी रक्कम येते. इथे रक्कम मामुलीच असते. वादनाचे धडे मिळतात, आणि मिळतं ते काम. रोजचं, चुकवता न येणारं काम.

[दृश्य: हात एका पट्टीवरून दुसऱ्या पट्टीवर, बोटं कळ ओढताहेत]

निवडही त्याच बेताने होते. तयार करून आणलेल्या रचना तर वाजवायच्याच. शिवाय कधी न पाहिलेला कागद समोर ठेवतात, तो तिथल्या तिथे वाजवायचा. एखादं भजन दिलेल्या पट्टीत न वाजवता वरच्या किंवा खालच्या पट्टीत वाजवायचं. चार आवाजांची स्वरलिपी एकट्याने पियानोवर उतरवायची. सुचेल तसं वाजवून दाखवायचं. आणि समोर खरीखुरी गाणारी माणसं उभी करून त्यांची तालीम घ्यायची. कॉलेजच्या प्रवेशाची अभ्यासाची चाळणी असते ती वेगळीच. एवढं सगळं सतरा-अठरा वर्षांच्या पोराकडून! मला यात काही जाच वाटत नाही. पहिल्याच आठवड्यात त्याला हे सगळं लागणारच असतं.

[दृश्य: मोठे गायक येताहेत, कुणाच्या पाठीवर बॅग, कुणाच्या हातात सायकलचं हेल्मेट]

हे कोरल स्कॉलर, गायकवृंदातले मोठे गायक. तेही विद्यार्थीच, आणि सगळे संगीताचे असतात असं मुळीच नाही. आज जगभरच्या ऑपेरांत गाणारे सायमन कीनलीसाइड इथे गात होते तेव्हा प्राणिशास्त्र शिकत होते. काउंटरटेनर, म्हणजे पुरुष असून स्त्रीसारख्या उंच पट्टीत गाणारे, इएस्टिन डेव्हिस शिकले पुरातत्त्व आणि मानवशास्त्र. दोघंही लहानपणी याच गायकवृंदात पुढच्या रांगेत उभे राहिलेले. थोरले होऊन मागच्या रांगेत आले, एवढंच.

[दृश्य: स्तोत्राचं पुस्तक, पेन्सिलच्या खुणा, अगदी जवळून]

या पानावर थोडं थांबू.

हे स्तोत्र आहे. जुन्या अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या, प्रार्थनाग्रंथात दीडशे स्तोत्रं महिन्याच्या तीस दिवसांना वाटून दिलेली आहेत, सकाळची वेगळी, संध्याकाळची वेगळी. चाल छोटीशी, मोजक्या स्वरांची. ओळीत शब्द चार असोत की चौदा, चाल तेवढीच. मग जास्तीचे शब्द जातात कुठे? ते पहिल्याच सुरावर, बोलल्यासारखे, भरभर म्हणायचे आणि ओळीच्या शेवटाला चालीत उतरायचं. आपल्या जात्यावरच्या ओवीत हेच तर होतं. ओवी लांबली म्हणून जातं थांबत नाही. बाई अक्षरं ओढते, दाबते आणि बरोबर फेऱ्यावर येते.

फरक इतकाच की इथे पस्तीसेक माणसांनी ते एकदम करायचं. कुठल्या शब्दावर रेंगाळायचं, श्वास कुठे घ्यायचा, कुठे मुळीच घ्यायचा नाही, त्यासाठी या पेन्सिलच्या खुणा. गायकांच्या दोन बाजू समोरासमोर उभ्या असतात, ओळी आलटून पालटून गातात. ऑर्गन स्कॉलर तिकडे वर, गायकांपासून दूर. गाणाऱ्यांचा आवाज त्याच्यापर्यंत पोचायला क्षणभर लागतो. कानावर विसंबला तर मागे पडणार. म्हणून तो संचालकांच्या हातावर नजर ठेवतो, आणि कानाला आवाज पोचायच्या आधी वाजवायला शिकतो.

हे कुठल्याही वर्गात शिकवता येत नाही. संध्याकाळमागून संध्याकाळ तिथे बसावंच लागतं.

[दृश्य: जुनी कृष्णधवल छायाचित्रं]

हे जॉर्ज गेस्ट. वेल्समधल्या बँगरचे. १९४७ मध्ये इथे ऑर्गन स्कॉलर म्हणून आले. १९५१ मध्ये शिक्षण संपलं आणि कॉलेजने त्यांनाच चॅपलचं संगीत सोपवलं. सत्तावीस वर्षांचा कालचा विद्यार्थी! चाळीस वर्षं, १९९१ पर्यंत, ते त्या जागेवर होते. पन्नासच्या दशकात मुलांची शाळाच बंद करायचं घाटत होतं. गेस्ट हटून बसले, संगीतकार व्हॉन विल्यम्स यांच्यासारख्यांचा पाठिंबा मिळवला, आणि शाळा टिकली.

त्यांच्या हाताखालचे ऑर्गन स्कॉलर कोण, ते ऐका. स्टीफन क्लिओबरी पुढे केंब्रिजच्याच किंग्ज कॉलेजात १९८२ ते २०१९ संगीत संचालक होते. जॉन स्कॉट लंडनच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलला गेले. डेव्हिड हिल काही वर्षांनी याच गायकवृंदाचे संचालक म्हणून परत आले. आणि अँड्र्यू नेथसिंघा. त्यांचे वडील लुसियन कोलंबोत जन्मलेले, एक्सेटर कॅथीड्रलचे ऑर्गनवादक. अँड्र्यू इथे शिकले, २००७ ते २०२२ इथेच संचालक होते, आणि मे २०२३ मध्ये वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीतल्या राजे चार्ल्स यांच्या राज्याभिषेकाचं संगीत त्यांच्या हाताखाली झालं. आपण ज्याला घराणं म्हणतो, ते याहून वेगळं काय असतं?

[दृश्य: गोल जिना, सफेद झगे, वाऱ्यावर उडणारे कागद]

आता मनोऱ्यावर. १९०२ साली इथले भौतिकशास्त्रज्ञ जोसेफ लारमोर म्हणाले, एवढ्या उंचीवरून गाणं खाली ऐकू येणार नाही. संचालक सिरिल रूथम यांनी वाद घातला नाही. स्वर्गारोहण दिनी, म्हणजे येशू स्वर्गात गेल्याच्या सणाला, गायकवृंद घेऊन ते थेट वर चढले. खाली स्वच्छ ऐकू आलं. तेव्हापासून स्वर्गारोहण दिनाला हा जिना चढायची प्रथा पडली.

[आठ सेकंद निवेदन नाही. फक्त गाणं.]

२०२२ मध्ये या गायकवृंदात पहिल्यांदा मुली आणि स्त्रिया आल्या. २०२४ मध्ये सेंट जॉन्स व्हॉइसेस हा इथला दुसरा, मिश्र गायकवृंद कॉलेजने बंद केला.

[दृश्य: मेणबत्त्या, सायंउपासना]

मरियेचं गीत. मग शिमोनाचं गीत. दोन्ही बायबलमधली, सायंउपासनेत ठरलेली. आत यायला तिकीट नाही, कुणीही येऊन बसावं. राखेच्या बुधवारची, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या पहिल्या दिवसाची, उपासना तर १९७२ पासून बीबीसी रेडिओवरून थेट ऐकवली जाते. पण आज साधा आठवड्यातला दिवस आहे. बाकांवर तुरळक माणसं. तालीम मात्र रेडिओच्या दिवशी होते तशीच झाली, पेन्सिल तशीच चालली.

[दृश्य: रिकामं चॅपल, ऑर्गनवर शेवटची रचना]

गायक गेले. ऑर्गन अजून वाजतोय. लंडनच्या मँडर कंपनीने १९९४ मध्ये हा बांधला. शेवटचा सूर सोडल्यावरही दगडी भिंती तो थोडा वेळ धरून ठेवतात.

[दृश्य: बटण बंद. भात्याचा आवाज विरतो.]

तो बूट बदलतो. पातळ तळाचे बूट बाकाखाली सरकवतो. उद्याचं स्तोत्र काढून समोर उघडून ठेवतो, आणि जिना उतरतो. रात्री त्याला निबंध पुरा करायचाय.